ट्रॉलीचा तुटलेला हुक घेऊन धारवाडला

धारवाडहून लोक पेढे घेऊन येतात. मी जाताना बॅगेत लोखंड घेऊन गेले.

आमच्या ह्यांचं मिरजेत वेल्डिंगचं दुकान होतं. उसाची ट्रॉली ट्रॅक्टरला ज्या जाड हुकानं जोडतात, तसा एक हुक त्यांनी दुरुस्त करून दिला होता. तो चढावर तुटला. भरलेली ट्रॉली मागं घसरत ओढ्यात गेली आणि वर बसलेल्या एका मजुराचा पाय कायमचा अधू झाला. ह्यांनी वेल्डिंग सोडलं, पण हुकाचे दोन तुकडे फळीवर जपून ठेवले. “जोड तर धरलाय. मग तुटलं कशानं? माझ्या हातानं?” हे ते शेवटपर्यंत विचारत राहिले.

ते गेल्यावर मी वाचनालयातून पुस्तकं आणायला लागले. घन वस्तूवर भार आला की ती कधी वाकते, कधी तुटते, याचं एक आख्खं शास्त्र आहे, हे मला साठीत कळलं. अशात धारवाड-हुबळीच्या मधल्या नवनगरच्या नणंदेचा फोन आला. तिच्या जवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजनं प्रयोगशाळा लोकांसाठी खुली ठेवली होती. तुटलेली वस्तू आणा, बघून सांगू, म्हणत होते. निघाले.

मिरजेहून सकाळची गाडी घ्यावी. बेळगाव मागं पडलं की शेतं सरतात आणि लोंढ्यापासून अळणावरपर्यंत झाडीच झाडी. खिडकी मिळाली तर पुस्तक काढू नका. मी काढलं, आणि निम्मी झाडी हुकवली.

समोरच्या बाईनं माझ्या मांडीवरची बॅग हातानं जरा उचलून पाहिली. “अव्वा, सोनं नेताय काय?”

“लोखंड आहे.”

“मग मांडीवर कशाला? खाली ठेवा की, कोण चोरतंय.”

धारवाड ते हुबळी बससाठी रस्त्याच्या मधोमध राखीव पट्टा आहे. बस झटकन पोचवते, तिकीटही बेताचं. थांबे मात्र रस्त्याच्या मध्यावर, तेव्हा गुडघेदुखीवाल्यांनी रस्ता सांभाळून ओलांडावा. नवनगरला नणंदेनं ज्वारीची भाकरी, एणगाई आणि शेंगाचटणी वाढली. भरल्या वांग्याची ही एणगाई आपल्याकडच्यापेक्षा तिखट, पण भाकरीबरोबर छान लागते.

दुपारी आम्ही दोघी कॉलेजात गेलो. संशोधन करणारी दीपा नावाची मुलगी होती, कलघटगीकडची. तिची मराठी कन्नड वळणाची, पण स्वच्छ. तिनं तुकडे उजेडात धरून फिरवून पाहिले.

“अक्का, हे इतकं चकचकीत कसं?”

“दर खंडेनवमीला हत्यारांबरोबर घासते की. चिंच, काथ्या, मग खोबरेल आणि हळदकुंकू. निघताना परत घासलं. परक्या दारी मळकं कसं आणायचं?”

“आमची वहिनी देवसुद्धा एवढे घासत नाही,” नणंद म्हणाली.

दीपा हसली नाही. तिनं दुसऱ्याच कुणाचा एक तुटलेला दांडा दाखवला. तुटलेल्या तोंडावर लाटांसारख्या बारीक रेघा होत्या. चीर कुठं सुरू झाली आणि कशी वाढत गेली, ते त्या रेघांवरून कळतं म्हणाली. माझ्या तुकड्यांवर रेघ नव्हती. माझा चेहरा तेवढा अंधुक दिसत होता.

“कापून आत बघता येईल,” ती म्हणाली. “पण कापल्यावर जुळणार नाही.”

मी एक तुकडा दिला. त्या संध्याकाळी नणंदेनं हुबळीत गिरमिट खायला नेलं. कुरमुऱ्यांचा मसालेदार, ओलसर प्रकार, बरोबर गरम मिरची भजी. चुकवू नका. मला त्या दिवशी चव लागली नाही, त्याला गिरमिटवाल्याचा इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी दीपानं कापलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. त्याआधी तिथली माणसंही लोखंड आरशासारखं घासतात. फक्त कुठं घासायचं, ते त्यांना ठाऊक असतं.

“जोड चांगला आहे,” ती म्हणाली. “पण जोडाशेजारचं लोखंड कडक झालंय. वेल्डिंगनंतर लवकर थंड झालं की असं होतं. तिथं चीर पडू शकते आणि प्रत्येक हिसक्याला थोडी वाढते.”

“तिथूनच तुटलं?”

“तिथूनही असेल. नाहीतर समोरच्या बाजूला हुकाच्या वाकणात जुनी चीर असेल, दुकानात यायच्या आधीची. ही की ती, ते तोंडावरच दिसलं असतं.”

“आणि ते मी घासून काढलं.”

तिनं मला पाण्याचा ग्लास दिला. मग म्हणाली, “नवं लोखंड किती भार झेलतं, त्याचे आकडे आमच्याकडं भरपूर आहेत. दुरुस्त केलेल्याचे फार थोडे. आणि रस्त्यावर तर दुरुस्त केलेलंच जास्त धावतंय. मला त्यावरच काम करायचंय. हा तुकडा ठेवून घेऊ?”

ठेव म्हटलं. ह्यांचा प्रश्न निदान कुणाच्या तरी टेबलावर राहील.

येताना पेढे आणले. खंडेनवमीला हातोडा, पकड, सांडशी चिंचेनं घासली. उरलेल्या तुकड्यावर लांबूनच फूल ठेवलं. आता त्यावर वाचण्यासारखं काही उरलेलं नाही, हे मला माहीत आहे. तरी त्याच्या तुटलेल्या तोंडाला बोट लावलं नाही.