दुधासारखं हलकं काही नाही

अपर्णा, तू चिडशील, पण तुझी गोष्ट मी सांगणारच.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेगची धास्ती पसरली तेव्हा अपर्णाला भलतीच धास्ती होती. वजन उतरावं म्हणून तिने उन्हाळ्यात मुंबईला ऑपरेशन करून पोट लहान करून घेतलं होतं. तेव्हापासून पोटात मुरडा यायचा, संडासाकडे धावावं लागायचं. टाके उसवलेत, पुन्हा पोट फाडणार, हे तिने धरूनच ठेवलं.

"पोट कापलंय, दुधासारखं हलकं काही नाही," म्हणत सासूबाई पेला पुढे करायच्या. कळ आली की अपर्णा आणखी एक पदार्थ सोडायची. भाकरी गेली, वरण गेलं, दूध तेवढं राहिलं.

तिने मला बोलावलं. "मुंबईचं तिकीट आण. इथे आडवी झाले तर प्लेगवाली म्हणून उचलून नेतील."

स्टेशनवर अर्धं शहर लोटलेलं. "गर्दी ओसरली की पहिलं तुझंच काढते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दूधवालाच गावी पळाला. सासूबाईंनी नाइलाजाने वरणभात कालवला. अपर्णा जीव मुठीत धरून जेवली आणि कळेची वाट बघत बसली. कळ आलीच नाही. आठवड्याने दूधवाला परतला, तिने पेलाभर दूध घेतलं, आणि तासाभरात मुरडा.

"अगंबाई, दूधच बाधतं होय तुला?" सासूबाई म्हणाल्या, आणि पेला आपल्याकडे ओढून घेतला.

गर्दी ओसरल्यावर मी तिकिटाचं विचारायला गेले. ती भाकरी मोडत होती.

"बस की," म्हणाली. "कोरा चहा चालेल ना?"

ते तिकीट काढायचं राहूनच गेलं.