कामाला गेलेलं प्रदर्शन

कर्नाटकातल्या आमच्या जोयडा तालुक्याचा कंदांचा मेळा दोनच दिवसांचा. मंडप तिसऱ्या दिवशी उतरतो, पण त्याचं बोलणं काही उतरत नाही. रामनगरात माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाऊजचं माप द्यायला आलेली बाई मेळ्याचा एक किस्सा सांगते, पिकोला आलेली त्यावर दुसरा चढवते. मी मशीन चालवत ऐकते. त्यातले निम्मे माझ्यावरच असतात, तेव्हा ते मीच सांगितलेले बरे.

मेळ्यात ‘स्वतः बनवलेल्या वस्तू’ असा एक स्टॉल असतो. चार वर्षं तो माझ्या गळ्यात आहे. शिवणकाम म्हणजे हस्तकला, असं कमिटीतल्या कुणाला तरी वाटलं. मी शिवते मशीनवर, तेही मोटर बसवलेल्या. हे सांगायला गेले तोवर माझं नाव पत्रिकेत छापून झालं होतं.

०

पहिल्या वर्षी वस्तू गोळा करायला कुंभारवाडा गावाकडं गेले. बस एकच, तीही चुकली. चालत चालत एका घरी पोचले. घरात शेवंती होती. म्हटलं, मेळ्यात मांडायला काही केलेलं आहे का?

ती म्हणाली, “दाखवण्यासारखं काय न्हाई गे अक्का आमच्यात. सगळं वापरायचंच हाय.”

हे ती बोलत होती स्वतः विणलेल्या चटईवर बसून. हातात नवऱ्यानं विणलेलं सूप, सुपात तांदूळ. मागं भिंतीला लहानमोठ्या सात टोपल्या, एकीत मांजर. नवरा म्हणजे सोमा. बांबूच्या कामात त्याच्यासारखा हात मी तरी तालुक्यात पाहिला नाही. तो म्हणाला, “ने की अक्का, काय पायजे ते ने. पण सूप तेवढं रविवारी आणून दे.”

०

नागाप्पाचं यंत्र सगळ्यांना ठाऊक आहे. नागाप्पा रामनगरात मोटर रिवाइंडिंग करतो. माकडांनी केळी ठेवली नाहीत म्हणून त्यानं जुन्या गाडीच्या वायपरची मोटर, दोन तेलाचे डबे आणि एक सेन्सर असं जुळवून यंत्र केलं. समोर काही हललं की डबे बडवायला लागतात. त्याच्या बागेत माकडं पहिले दोन दिवस पळाली. तिसऱ्या दिवसापासून ती डबे ऐकायला येऊन बसू लागली.

ते यंत्र त्यानं मेळ्यात आणलं आणि आमचा स्टॉल भरला होता म्हणून स्टेजच्या बाजूला ठेवलं. प्रमुख पाहुण्यांना हातवारे करून बोलायची सवय. त्यांनी हात वर केला की डबे सुरू, हात खाली घेतला की बंद. लोकांना वाटलं, वाद्याची सोय केली आहे. शेवटी पाहुण्यांनी दोन्ही हात पाठीमागं बांधून चार वाक्यांत भाषण संपवलं आणि गाडीत जाऊन बसले.

मी नागाप्पाला झापलं. तो शांतपणे वायर गुंडाळत म्हणाला, “फेल म्हणू नका अक्का. एक तरी पळाला की.”

०

हे सगळं हसण्यावारी जायचं. यंदा तसं नव्हतं. कुळगीच्या बाजूला पर्यटकांचा एक कॅम्प आहे. तिथं हातकाम करून दाखवायला आणि शिकवायला एक माणूस कायमचा घ्यायचा होता, आणि तो आमच्या स्टॉलवरून निवडणार होते. सोमाला जंगलातलं मजुरीचं काम मिळेनासं झालेलं. निवड झाली तर घरी राहायचं, नाही झाली तर गोव्याला एका हॉटेलात वॉचमन म्हणून जायचं, असं ठरलं होतं. धाकटी पोर दीड वर्षाची.

शेवंती मुद्दाम रामनगरला आली. “अक्का, ह्यास्नी हितंच ऱ्हाऊं दे. एवढं बघ.”

मी म्हटलं, बघते. माझ्या हातात काय होतं? पण म्हटलं.

०

यंदा प्रत्येक वस्तूबरोबर फॉर्म होता. त्यात एक रकाना, ‘वस्तू बनवायला लागलेला वेळ’. मी सोमाला विचारलं, “टोपलीला किती लिहू?”

“बांबू अंधाऱ्या पंधरवड्यातच तोडायचा अक्का, न्हाईतर कीड लागती. त्या पंधरवड्यात शेवंतीचं बाळंतपण आलं. मग पाऊस. मग भाताची कापणी. मग औंदा परत पंधरवडा गाठला.”

“अरे, विणायला किती?”

“विणायला एक दीस. पण नुसत्या विणण्यानं टोपली होती व्हय?”

मी ‘एक दिवस’ लिहायला निघाले तर त्यानं माझा हात धरला. खोटं लिहायचं नाही म्हणाला. शेवटी लिहिलं, दीड वर्ष. परीक्षकांनी नंतर त्यापुढं शेरा मारला, ‘काम सुबक, वेग कमी.’

०

आता निवडीच्या दिवसाचं सांगते. सोमाच्या पंधरा वस्तू मी टेबलावर ओळीनं लावल्या. चटया, सुपं, टोपल्या, भात ठेवायची कणगीसुद्धा. शेजारी रामनगरच्या वंदनाचा आईस्क्रीमच्या काड्यांचा बंगला, आत बल्ब, वर प्लॅस्टिकचा कागद. बंगल्याच्या खिडक्यांचे पडदे मीच शिवून दिले होते, हे लपवून काय उपयोग!

मी अर्धा तास जेवायला गेले. तेवढ्यात मेळ्याच्या स्वयंपाकघरातून कुणीतरी सुपं आणि कणगी न्यायला आलं. सोमानं दिली. पाहुण्यांना बसायला चटया कमी पडल्या. दिल्या. कंदवाल्यांच्या टोपल्या फाटल्या. दिल्या. वाडीवर रीतच तशी आहे, ज्याला लागेल तो उचलतो आणि काम झालं की आणून ठेवतो. समोर माणूस अडलेला असताना वस्तू टेबलावर नुसती मांडून ठेवायची, हे सोमाच्या डोक्यातच शिरलं नाही.

परीक्षक आले तेव्हा टेबलावर पंधरा लेबलं होती. साहेब धारवाडकडचे, बोलले कन्नडात, मी आपलं मराठीत सांगते. “यांचं काहीच नाही?”

सोमा म्हणाला, “हाय की साहेब. कामाला गेलंय सगळं.”

मी धावले. स्वयंपाकघरात सूप मागितलं तर आचारी म्हणाला, “आणि तांदूळ वतू कुठं, तुमच्या पदरात?” चटईवर तालुक्याचे सगळे मोठे लोक बसलेले, त्यांना ऊठ कोण म्हणणार? परत आले तर साहेबांच्याच हातात टोपली, कंदांनी भरलेली. मी म्हटलं, “साहेब, ही बघा, ही सोमाचीच.”

साहेबांनी ती फिरवून फिरवून बघितली. खूश झाले. मग म्हणाले, “पण ही मला कंदवाल्यांनी भेट दिली आहे. भेट घेतलेल्या वस्तूला मार्क देणं बरं दिसत नाही.”

निवड वंदनाची झाली.

०

पोरगी वाईट नाही. चौथ्या दिवशी रडत दुकानात आली. कॅम्पवाल्यांना काड्यांचा बंगला नको होता, बांबूचं काम हवं होतं. “अक्का, मला बांबू धरायलाबी येत न्हाई.”

मी तिला घेऊन कुंभारवाड्याला गेले. वाटेत मला इतकी लाज वाटत होती की परत फिरावं म्हटलं. शेवंतीनं दारातच धरलं. “माझा न्हवरा गोव्याला चाललाय, आणि तू त्येच्याकडनंच शिकाय आलीस व्हय?” वंदना दोन पावलं मागं सरकली. मीही.

आतून सोमा म्हणाला, “शिकू दे गे. कॅम्पवर बसणाऱ्याला नीट यायला नको?”

शेवंती आत गेली. चहा मात्र तिघांना आणला. आठ दिवस सोमानं तिला शिकवलं, नवव्या दिवशी गोव्याची बस धरली.

०

परवा सोमाचा फोन आला. हॉटेल मोठं आहे, युनिफॉर्म मिळालाय, जेवण बरं आहे, पोर बोलायला लागली का म्हणून विचारलं. मग सांगायला लागला. हॉटेलच्या काउंटरवर शोभेला एक टोपली आली आहे, आमच्याच कॅम्पवरून. वंदनाच्या नावाची चिठ्ठी आहे. पण काठ सैल, दोन वेढे सुटलेले. याला राहवेना. दुपारी कुणी नाही बघून टोपली मांडीवर घेतली आणि काठ आवळायला बसला.

मॅनेजर पळत आला. म्हणाला, “ए, हात लावू नकोस. हँडमेड आहे ती!”

मी विचारलं, “मग तू काय म्हणालास?”

“काय म्हणणार अक्का? सॉरी म्हटलं.”