बुटातली बोटं

“वरनं खांब, आत बोटं!” रांगेमागून फिरता फिरता ती हळूच म्हणायची. म्हणजे सावधानमध्ये अंग खांबासारखं ताठ ठेवायचं, पण बुटाच्या आत पायाची बोटं हलवत राहायची. रक्त पायात साचत नाही, चक्कर येत नाही आणि बाहेरून कोणाला काही कळतही नाही.

शहापूरच्या कॉलेजात मी कॅडेट झाले तेव्हा ती तिसऱ्या वर्षाला होती, आम्हा नव्या मुलींची सीनियर. शेणवे गावची, उंच, उन्हानं रापलेली. तुमच्यापैकी कोणी कॉलेजात खाकी घातली असेल तर पहिल्या महिन्याची गंमत तुम्हाला ठाऊकच असेल. मला तर कशाचा कशाशी मेळ लागेना. गणवेशाला कडक इस्त्री करायची आणि त्याच गणवेशात गवतात रांगायचं. टोपी पाण्यात भिजवून डोक्यावरच वाळवायची, म्हणे तिला आकार येतो. हुकूम सगळे हिंदीत. ‘दाहिने मुड़’ झालं की अख्खी रांग एकीकडे आणि मी शेजारणीच्या नाकाला नाक लावून उभी.

“ताई, हे सगळं कशाला?” मी विचारायचे.

“समजंल गो. आदी उभी तर ऱ्हा.”

सॅल्यूट कोणाला करायचा, हाही घोळच. एकदा किन्हवलीच्या एसटीत मी खाकीतल्या कंडक्टरलाच सॅल्यूट ठोकला. त्या बिचाऱ्यानं गोंधळून तिकिटाचं मशीन काखेत मारलं आणि उलट सॅल्यूट केला. दुसऱ्या दिवशी मुली हसून लोळल्या. ती म्हणाली, “वाया नाय गेला तुझा सॅल्यूट. तो मानूस दिसभर उभाच असतो की.” मग पाठ फिरवून तीही हसली, ते मी पाहिलं.

आमची रांग काही केल्या सरळ होईना, तेव्हा तिनं भाताच्या आवणीचा, म्हणजे रोपं लावण्याचा, विषय काढला. “आवणीला बाजूची कुठवर आली ते कसं बघता? मान वाकडी करून? डोल्याच्या कोपऱ्यातनं ना? मग तसंच बघा.” त्या दिवशी रांग पहिल्यांदा सरळ झाली. कधी चिखलात न उतरलेल्या दोघी तेवढ्या वाकड्या राहिल्या.

तिला सैन्यात अधिकारी व्हायचं होतं. वर्षाअखेरी मोठे साहेब पाहणीला येणार होते आणि आसपासच्या कॉलेजांतून एकाच मुलीचं नाव मोठ्या कॅम्पला जाणार होतं. घरच्यांशी तिची बोली झाली होती. नाव आलं तर पुढं शिकायचं, नाही आलं तर आसनगावच्या कंपनीत पॅकिंगला जायचं.

पाहणीच्या सकाळी मी घाबरून उपाशीच आले. तिनं मला कडेला नेऊन आपला डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुकट.

“खा. रिकाम्या पोटी पडशील.”

“आणि तू?”

“मी घरनं खाऊन आले.”

मी सगळं संपवलं. भूकच तशी लागली होती.

साहेबांना उशीर झाला. ऊन चढलं. ती सगळ्यांच्या पुढे एकटी उभी, तिच्या मागे पहिल्या रांगेत मी. शेवटी साहेब आले आणि मुलांच्या रांगेपासून पाहणी सुरू झाली. ते पार दुसऱ्या टोकाला होते तेव्हा ती डुलली. परत ताठ झाली. पुन्हा डुलली. ‘बाजूची पडली तरी हलायचं नाय, उचलायला दुसरी मानसं असतात,’ हे तिनंच आम्हाला शंभरदा सांगितलेलं. तरी ती तिसऱ्यांदा डुलली आणि माझे पाय कसे निघाले, मला खरंच माहीत नाही. मी धावत जाऊन तिला दोन्ही हातांनी धरलं. मागच्या मुली ओरडल्या, रांग मोडली आणि साहेबांनी वळून पाहिलं.

“सोड गो,” ती पुटपुटली. “सावरलं व्हतं मी.”

तिला सावलीत बसवलं. डॉक्टरांनी विचारलं, “सकाळी काय खाल्लं होतंस?”

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. “भाकरी नि सुकट,” ती म्हणाली.

ती भाकरी तर माझ्या पोटात होती.

नाव मुरबाडच्या मुलीचं गेलं. मी तिला एकदाच विचारलं, “ताई, मी हलायला नको होतं का?”

मला वाटलं, ‘समजंल गो’ म्हणेल.

“मलाबी नाय समजत,” ती म्हणाली. परीक्षा झाली आणि ती कॉलेजात दिसेनाशी झाली.

यंदा नव्या मुलींना मी शिकवते. बाजूची पडली तर काय करायचं, असं एकीनं विचारलं. मी नियम सांगितला, पण माझा मलाच तो पटला नाही.

परवा शेणव्याच्या नाक्यावर ती दिसली. कंपनीच्या बससाठी बायका उभ्या होत्या, त्यात ती सगळ्यांत ताठ, खांद्याला डब्याची पिशवी. मला बघून म्हणाली, “खाल्लंस काय गो?”

मी मान डोलावली. मी खाली पाहिलं. तिच्या पायांत साधी चप्पल होती, आणि बोटं हलत होती.