पालथ्या घड्याखालचा फोन

मैदानाच्या मालिशखोलीत तीस वर्षं हात चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. हात असे, की पोटरीवर नुसता ठेवला तरी कालचा सराव सांगेल. आणि तोंड? ते विचारूच नका.

पण त्या महिन्यात हातांचं गणित चुकलं. आठशे मीटर धावणारी त्यांची लाडकी हरणी रोज मागे पडत होती. "मावशी, पाय जड झालेत हो," म्हणायची. मावशी चाचपायच्या, तर पाय लोण्यासारखे मऊ! शनिवारी निवड होती, आणि अशीच धावलीस तर संघाबाहेर, असं सरांनी बजावलं होतं. मावशी बिचाऱ्या रोज सरावाआधी अर्धा तास पाय रगडत राहिल्या.

सोमवारी हरणीचे पाय रगडताना तेलाच्या बाटलीचं बूच घरंगळत टेबलाखाली गेलं. मावशी कुरकुरत वाकल्या, लोंबणारी चादर बाजूला केली, आणि बघतात तर काय! पालथं झोपल्यावर तोंड ठेवायला टेबलाला भोक असतं ना, त्याच्या बरोब्बर खाली फोन. हरणीचा अंगठा त्यावर सुरूच. पडद्यावर लोकांची मुक्ताफळं: 'संपली ही', 'घरी बसवा हिला'.

"अगं भवाने! मी इकडे पाय मोकळे करतेय नि तू तिकडे डोकं दमवतेस? डोकं दमलं की सपाट रस्तासुद्धा चढ वाटतो. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच!"

हरणी आधी हसली, मग रडली. "वाचल्याशिवाय राहवत नाही, मावशी."

"मग हे वाच." मावशींनी फोन उचलला आणि तिथे आपल्या झिजलेल्या चपला ठेवल्या.

मंगळवारी हरणी चुळबुळली. गुरुवारी चक्क घोरली. शनिवारी दुसरी आली, संघात गेली.

संध्याकाळी ती धापा टाकत खोलीत शिरली. "मावशी, पालथ्या व्हा."

"मी? वेड लागलंय का तुला?"

पण हरणीनं ऐकलं नाही, त्यांना टेबलावर पालथं झोपवलंच. तळहातावर तेल घेऊन तिनं मावशींची बोटं एकेक करून चोळायला घेतली, त्याच अंगठ्यानं. तीस वर्षांत त्या हातांना कुणी तेल लावलं नव्हतं. भोकातून खाली बघतात, तर हरणीनं काढून ठेवलेले धुळीनं माखलेले बूट.

"वाचा," हरणी म्हणाली.

"जरा जोर लाव की," मावशी म्हणाल्या, आणि खाली बुटांवर टपटप पाणी पडलं.