कितवीचं पुस्तक?

मोहाडीत आमचं पुस्तकाचं दुकान आहे. पुस्तकाचं म्हणजे वह्या, गाईड, कंपासपेट्या आणि शाळेची पुस्तकं. पण गल्ल्यामागची एक मांडणी मी हट्टानं कथा-कादंबऱ्यांना ठेवली आहे, तेरा ते सतरा वयाच्या पोट्ट्यांसाठी. त्यातलं प्रत्येक पुस्तक मी स्वतः वाचलेलं. एक चांगली गोष्ट वाचायला गावच्या पोरानं नागपूर कायले गाठावं, इतकंच माझं म्हणणं.

आमच्या ह्यांना त्या मांडणीवर पाण्याच्या बाटल्या लावायच्या होत्या. बाटली आपोआप विकते, पुस्तकासाठी तुले तासभर बोलावं लागते, असं ते म्हणायचे. ते खरं होतं, म्हणूनच मला जास्त राग यायचा. शेवटी ठरलं की शाळा उघडेपर्यंत मांडणी अर्धी रिकामी झाली तर पुस्तकं राहतील, नाही तर बाटल्या येतील.

मग काय, उन्हाळाभर मी बोलत सुटले. गिऱ्हाईक सगळं ऐकून घ्यायचं, पुस्तक उलटंपालटं करायचं आणि विचारायचं, कितवीचं आहे? आमच्याकडे पुस्तक म्हटलं की ते कितवीचं तरी असावंच लागतं. कोणत्याच वर्गाचं नाही म्हटलं की लोक ते मुदत संपलेल्या बिस्किटासारखं खाली ठेवतात. एका बाईंनी तर मुखपृष्ठाचा फोटो काढला, मोबाईलवरून मागवते म्हणाल्या आणि वर माझ्याकडेच पिशवी मागितली. दिली नाही मी.

एका बाजाराच्या दिवशी जवळच्या खेड्यातले एक शेतकरी भाऊ आले. त्यांची पोट्टी पुढच्या वर्षी नववीत जाणार होती आणि हातातून मोबाईल सोडत नव्हती. तिच्यासाठी एखादं चांगलं पुस्तक द्या म्हणाले. मला असा आनंद झाला म्हणता! जंगलात वाट चुकलेल्या दोन बहिणींची कादंबरी काढली आणि पार वाघ येईपर्यंतची गोष्ट सांगितली. भाऊ डोळे मोठे करून ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "कितवीचं हाय?"

माझं डोकंच फिरलं. "नववीचं," मी म्हणाले.

त्यांनी लगेच घेतलं. याचं गाईड आहे काय, असंही विचारलं. अजून निघालं नाही, असं मी ठोकून दिलं.

पुढच्या बाजाराला त्यांच्याच गावच्या दोन बाया "ते नववीचं नवीन" मागत आल्या. मग मीही मागे पाहिलं नाही. भुताची कादंबरी सातवीला लावली, चोर-पोलिसांची आठवीला, आणि प्रेमाचा जरा वास असलेली अकरावीला. मांडणी भराभर रिकामी व्हायला लागली. यंदा अभ्यासक्रम बदलला काय, असं ह्यांनी विचारलं. बदलत असते, मी म्हटलं.

तरी शाळा उघडली तेव्हा मांडणी अर्धी रिकामी व्हायला चार-पाच पुस्तकं कमीच पडली. आमचे हे शब्दाचे पक्के, त्यांनी बाटल्यांचे खोके फोडले. नेमके तेव्हाच ते शेतकरी भाऊ दुकानात शिरले, काखेत तेच पुस्तक.

"बाई, हे नववीले नाहीच. मास्तरनं सांगतलं."

आमचे हे हातात बाटली घेऊन माझ्याकडे पाहायला लागले. आता झाकण्यात अर्थ नव्हता. हाव भाऊ, नाही ते नववीचं, म्हटलं, आणि पुस्तक परत घ्यायला हात पुढे केला. भाऊंनी ते दिलं नाही, काखेत आणखी घट्ट धरलं.

मग ते सांगत बसले. पोट्टी अभ्यास करून राहिली म्हणून घरात कोणी तिला भांडी घासायला उठवलं नाही. तिनं ते बसल्या बैठकीला संपवलं. मग पोट्टी शिकते तरी काय, हे पाहायला भाऊंनी हाती घेतलं आणि शेताच्या धुऱ्यावर बसून शेवटपर्यंत वाचलं.

"मी नववीत नापास झालो आन् शाळा सोडली," ते हळूच म्हणाले. "आता नववीचं पुस्तक पुरं वाचलं म्हणून गावभर सांगत फिरून राहिलो होतो. अन् मास्तर म्हणते, हे नववीचं नाहीच."

फार वाईट वाटलं मला.

ह्यांनी हातातली बाटली परत खोक्यात ठेवली. "नववीचंच हाय ते, भाऊ," ते म्हणाले. "मास्तरपर्यंत पोचलं नसन अजून. तुमी पास झाले, आता दहावीचं न्या." आणि मांडणीवरून सगळ्यात जाड कादंबरी काढून त्यांच्या हातात दिली.

भाऊंनी ती उलटून पाहिली. "याचं गाईड?"

"अजून निघालं नाही," हे म्हणाले, आणि खोक्याला परत चिकटपट्टी लावायला बसले.