चुकलेली गव्हाण

ग्लू सांडला की ती आधी दोन्ही हात पाठीमागं बांधायची. बाकीचे फडकं शोधायला पळायचे आणि ही शांतपणे म्हणायची, "वाळू दे की गं. ओल्यात बोट घालायचं न्हाय." मग चहा प्यायची. मग वाळलेल्या थेंबावर नखानं टकटक करायची, पात्यानं तो अलगद उडवायची, वर बारीक पॉलिश पेपर फिरवायची. डाग होता कुठं, हे तिलाच विचारावं लागायचं.

मला तिचा हेवा वाटायचा. आधीच सांगते, म्हणजे माझ्याविषयी तुमचा उगाच चांगला समज नको.

बारामतीत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात आम्ही दोघी मॉडेलच्या टेबलावर होतो. शिक्षण सारखंच, मी बारामतीची, ती लासुर्ण्याची. पुण्याहून लेझरनं कापलेले ॲक्रिलिकचे तुकडे नंबर घालून खोक्यातून यायचे, ते जोडून आम्ही इमारत उभी करायची. माझ्या हातून ग्लू कधी सांडला नाही. सुईच्या टोकाएवढा थेंब, जागच्या जागी, बस. तिचं मात्र रोज काहीतरी. खिडकी उलटी, जिना भलत्याच मजल्याला, काचेवर ग्लूच्या वाफेचा पांढरा पट्टा. रोज ती ते निस्तरायची आणि रोज सगळं ऑफिस तिच्याभोवती गोळा व्हायचं. साहेबसुद्धा. माझ्या टोकाला कुणी फिरकायचं नाही. तिथं बघण्यासारखं काही घडतच नव्हतं ना.

टेबलाला एक हेड नेमायचं साहेबांच्या मनात होतं. ते पद मला हवं होतं. फार हवं होतं.

त्याच सुमारास एका साखर कारखान्याचं मॉडेल आलं. चिमणी, गोदामं, कामगारांच्या चाळी माझ्याकडं. मिल हाऊस आणि गव्हाण, म्हणजे गाडीतला ऊस ओततात ती जागा, तिच्याकडं. काम संपत आलं आणि माझं लक्ष गेलं. नकाशात गव्हाण उजवीकडं, हिनं चिकटवलेली डावीकडं.

"अगं, हे काय करून ठेवलंस?"

तिनं नकाशा ओढून बघितला. मग हसायला लागली. "आमचा ऊस जायचा त्या कारखान्यात डावीकडंच हाय की गं. वडलांसंगं ट्रॅक्टरवर बसून जायची मी. नकाशा बघितलाच न्हाय, हातानं आपली तिकडंच लावली."

दुसऱ्या दिवशी संचालक मॉडेल बघायला येणार होते. सगळे ऊसवाले. चिमणी वाकडी असती तरी त्यांना कळलं नसतं, पण चुकलेली गव्हाण दारातूनच दिसली असती. आता कशी सुटतेस बघू, असं मी मनात म्हटलं.

तिनं तेवढा भाग मॉडेलच्या तळाच्या पाटावरून सोडवला आणि खालच्या आइस्क्रीमच्या दुकानात गेली. "भाऊ, कुल्फ्या जरा सरकवा." दुपारभर मिल हाऊस डीप फ्रीझरमध्ये पडून होतं. गारठला की तो ग्लू ठिसूळ होतो, हे मलाही माहीत होतं. कुल्फ्या सरकवायला सांगणं मला सुचलं नसतं. संध्याकाळी तिनं सांध्यात पातं धरलं, हलकेच ठोकलं आणि गव्हाण सुटून तळहातावर आली. घासून पुसून उजवीकडं बसली.

दुसऱ्या दिवशी संचालकांतले कोऱ्हाळ्याचे एक आबा वाकून बघत म्हणाले, "गव्हाण झ्याक झालीया." लगेच कुणीतरी कुल्फीची गोष्ट सांगितली. झालं. चहा संपेपर्यंत तेवढंच. "ताई, तुमी कमालच केली," आबा तिला म्हणाले. अहो, पण चुकली कोण होती? माझ्या चिमणीला एकानं हलवून बघितलं, पक्की आहे का म्हणून. पुढच्याच महिन्यात साहेबांनी तिला हेड केलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

काही वर्षांनी तिच्या नवऱ्याची बदली नाशिकला झाली. शेवटच्या दिवशी पेढे वाटता वाटता ती म्हणाली, "टेबल आता तुझं. मीच सांगितलं साहेबांना." आणि मग सगळ्यांदेखत, तोंडात अर्धा पेढा, "तुझ्या कामाला मला कधी हात लावावा लागला न्हाय. लय जळायची मी तुझ्यावर."

सगळे हसले. तीही हसली. माझंही तसंच होतं, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "डबा विसरू नकोस."

टेबल माझ्याकडं आहे. ते नको होतं, असं मी अजिबात म्हणणार नाही. पण जे मी इतकी वर्षं आतल्या आत धरून बसले, ते तिनं पेढा खाता खाता बोलून टाकलं आणि मोकळी झाली. याचाही मला हेवाच वाटतो. अधूनमधून मी नाशिकला फोन लावते. ती "बोल की गं" म्हणते. मी तिकडच्या थंडीची चौकशी करते आणि फोन ठेवते.