जीवशास्त्रावरची रेघ

"मावशी, तुम्ही जरा दाराबाहेर उभ्या राहा. इथे पालक बसलेत."

हे प्रवेशाच्या टेबलामागच्या सरांनी माझ्या आईला सांगितलं. सातपाटीहून आणलेली मासळी बाजारात विकून ती थेट पालघरच्या कॉलेजात आली होती, माझ्या अकरावीच्या प्रवेशाला. पाटी तिने गेटबाहेर ठेवली होती. हात नळावर दोनदा धुतले होते. तरी सरांनी नाकाला रुमाल लावला. खुर्च्यांवर बसलेले पालक आमच्याकडे वळून बघायला लागले. आई बाहेर गेली, आणि मी तिला थांबवलं नाही. मला तिची लाज वाटली. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे मी सरांबद्दल बोलणार आहे.

प्रवेश ऑनलाइन झाला होता. विषयांचा तक्ता मात्र कॉलेजात भरायचा होता. मी भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लिहिलं होतं. सातवीपासून माझं ठरलेलं होतं, डॉक्टर व्हायचं. जीवशास्त्राशिवाय मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला बसता येत नाही, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

सर जीवशास्त्रच शिकवायचे. त्यांनी तक्ता पाहिला, पत्ता पाहिला आणि हसले.

"सातपाटी? मग मत्स्यप्रक्रिया घे. मासळी तुमच्या घरातलीच. मार्क फुकट मिळतील."

"सर, मला मेडिकलला..."

"सगळ्यांनाच जायचं असतं."

आमच्या कॉलेजात तो विषय घेतला की जीवशास्त्र सुटायचं. त्यांनी लाल पेनने रेघ मारली. पट्टी लावून, सरळ. मग आईला आत बोलावलं आणि एका जागी बोट ठेवलं. आईने सही केली.

आईला सही तेवढी येते. मच्छीमार सोसायटीत डिझेलचा कागद असो, बर्फाचा असो, टेबलामागचा माणूस बोट ठेवतो आणि आमच्या बायका सही करतात. पिढ्या गेल्या अशा सह्यांत. तिला वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाने आपल्या पोरीचा फॉर्म स्वतः नीट करून दिला. दुसऱ्या दिवशी तिने सरांसाठी दोन पापलेटं दिली, सुपाएवढी, वर्तमानपत्रात गुंडाळून. मीच नेऊन दिली. तेव्हा सरांना वास आला नाही.

मी घरी काही बोलले नाही. वाटायचं, बारावीत काहीतरी करू. जीवशास्त्राचं जुनं पुस्तक मिळवलं आणि एकटीच वाचत राहिले.

दिवाळीनंतर सरांनी निरोप धाडला. उद्या दहा बांगडे आण, ताजे, जीवशास्त्राच्या मुलांना माशाचे अवयव दाखवायचेत. मी बर्फात घालून नेले. पिशवी टेबलावर ठेवायला गेले तर म्हणाले, खाली ठेव. मुलांनी कापायला सुरुवात केली. अधिकाऱ्यांच्या कॉलनीतल्या एका साहेबाच्या मुलाने पहिल्याच कापात पित्त फोडलं. हिरवं पाणी सगळीकडे पसरलं. दुसऱ्याचंही तेच. आमच्या ओट्यावर असं कुणी केलं असतं तर आजीने हातावर मारलं असतं.

सरांनी मला पुढे बोलावलं. "दाखव यांना."

मी कापलं. पोट उघडलं, काही फुटलं नाही.

"हात बघा," सर मुलांना म्हणाले. "जन्माचा आहे. पण मासा कापणं वेगळं आणि डॉक्टर होणं वेगळं, कळलं ना?"

मुलं हसली. मी सुरीच्या टोकाने दाखवायला लागले, हे यकृत, हे पित्ताशय, ही प्लीहा, हा वाताशय. एकेक नाव पुस्तकातलं. हसणं थांबलं.

"तुला कुणी विचारलं? तू कापायला आली आहेस. आता टेबल पूस आणि जा."

मी सुरी खाली ठेवली.

"पुसणार नाही. माझा विषय मला परत द्या."

"तुझ्या आईची सही आहे."

मी निघाले. दहाही बांगडे तिथेच राहिले.

आई खाडीकडे वलांडीच्या आडव्या बांबूंवर बोंबील वाळत घालत होती, जबड्यात जबडा अडकवून, जोडी-जोडीने. मी जाऊन तिच्यावर ओरडले. वाचता येत नाही तर सही कशाला करतेस? शेजारच्या बायका ऐकत होत्या. सरांनी तिला दाराबाहेर काढलं होतं. मी तिला तिच्याच कामावर उघडं पाडलं.

आईच्या हातातली जोडी तशीच राहिली. "बोट ठेवलं तितं सही केली गो. म्हंजे तुजं डाक्टरपन मीच कापलं?"

मी तिला लाल रेघेचं सगळं सांगितलं, आणि ते कॉलेज सोडायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी दाखला काढायला आम्ही दोघी गेलो. आई आत शिरली आणि पालकांच्या खुर्चीवर बसली. पाटी मांडीवर. सरांनी फॉर्मवर बोट ठेवलं. "इथे सही."

आईने पेन घेतलं नाही.

"आदी वाच गो. सगलं वाच. मोट्यानं."

"मावशी, मागे रांग आहे."

"हाय ना. ऐकू दे त्यांना पन."

मी वाचलं. सगळं, खालच्या बारीक ओळींसकट. मग आईने पेन घेतलं.

माझं एक वर्ष गेलं. आता बोईसरच्या कॉलेजात आहे, अकरावीत पुन्हा, जीवशास्त्र घेऊन. डॉक्टर होईन की नाही, मला ठाऊक नाही. त्या दुपारी मी आईला जे बोलले ते पुसता येणार नाही, पुसायचंही नाही. सरांना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

जूनमध्ये पुन्हा प्रवेश सुरू होतील. आमच्या वाडीतल्या चार मुली त्याच कॉलेजात जाणार आहेत. सर त्याच टेबलामागे असतील, लाल पेन घेऊन. मी त्या मुलींच्या आयांबरोबर आत जाणार आहे. मला बाहेर उभं राहायला सांगतील. मी राहणार नाही.